वांग्याची भावकी

माझ्या बायकोच्या हातची भाकरी आमच्या गल्लीत नावाजलेली होती. परातीत गरगर फिरवत ती अशी थापायची की तव्यावर पडली की टम्म फुगलीच पाहिजे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि कौतुकाच्या बाबतीत माझा हात जरा आखडताच आहे. तिच्या तोंडावर तर मी ते कधी केलंच नाही. पण भाकरी चांगली होती. मग एका हिवाळ्यात तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. शेतातल्या हळदीच्या कामाचा शीण असेल म्हणून आम्ही तेल चोळलं, शेक दिला. पुढं मनगटं सुजली, नंतर गुडघे. एक दिवस परातीत भिजवलेलं पीठ तसंच सोडून ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, हात ऐकून न्हाई राहिले."

हिंगोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं की हा संधिवात आहे, मुळासकट जाणारा नाही, आटोक्यात ठेवायचा. गोळ्या लिहून दिल्या. बायकोनं पदर सावरत एकच विचारलं, "पथ्य काय करू?" डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "काही नाही. सगळं खा." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचा चेहरा पडला होता. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार म्हणून असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. एसटीत बसल्यावर बोलली, "ज्या दुखण्याला पथ्य न्हाई, ते दुखणं त्याला कळलंच न्हाई."

मी वैतागलो. माणूस इतकी वर्षं घासून डॉक्टर होतो आणि आमच्या घरी येऊन पथ्यापायी नापास होतो. पण आज मागं वळून बघताना तिचं म्हणणं मला कळतं. गोळी डॉक्टरांची, तपासणी मशिनीची, दुखणं कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नाही. तिनं स्वतः करावं असं त्यात कुणी काही ठेवलंच नव्हतं.

आणि तिला हात हवे होते ते सटीसाठी. आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढी एकादशीला आमच्या घरातून वांगं बाहेर जातं ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीलाच परत येतं. तिलाच आमच्याकडं नुसतं सट म्हणतात. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य. रोडगा म्हणजे बाजरीची जाडजूड भाकरी. ती लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या आईनं रोडग्याची परात तिच्यापुढं सरकवली होती. तेव्हापासून सटीचे रोडगे तिचे. घरात पाहुण्यांची रांग लागो की तिला ताप असो, दुसऱ्या कुणाचा हात त्या परातीला लागला नाही. "गुडघ्याचं काय व्हायचं ते व्हऊ द्या," ती म्हणायची, "पर सटीपतोर हात बरे व्हाया पाह्यजे." बाकी तिनं देवाकडं काही मागितलं नाही.

वांग्याला वाळीत टाकलं ते माझ्या वहिनीच्या मोबाइलनं. वहिनी म्हणजे बायकोची थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. एका उन्हाळ्यात दुपारी ती मोबाइल नाचवत आली. त्यात एक गुबगुबीत माणूस हिंदीतून सांगत होता की वांगं आणि त्याच्या खानदानातल्या भाज्या सांध्यांच्या दुश्मन आहेत, त्या सोडा आणि चमत्कार बघा. खानदानात कोण कोण येतं ते तो सांगणार, एवढ्यात वहिनीचा नेट संपला. दोघी जावा स्क्रीनवरच्या फिरत्या चक्राकडं बघत बसल्या. मग दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"वांग्याच्या खानदानात कोन कोन येतं हो?" बायकोनं विचारलं.

मास्तरला प्रश्न विचारला की तो झोपेतसुद्धा उत्तर देणार. मी दोघींना परसात नेलं. तिथं आमच्या माळव्याचे वाफे, घरच्यापुरती भाजी निघायची. मी वांग्याचं जांभळं फूल तोडून बायकोच्या तळहातावर ठेवलं, शेजारी टमाट्याचं पिवळं, मिरचीचं पांढरं. "बघ, पाकळ्या खालून एकमेकींना चिकटलेल्या, चांदणीसारख्या. आता फळाकडं बघ. वांग्याच्या डोक्यावर हिरवी टोपी, टमाट्याच्या डोक्यावर टोपी, मिरचीच्याही. फूल झडून जातं, टोपी जात नाही. ही सगळी एका कुळातली."

"आन आलू?"

"आलूसुद्धा. त्याचा आपण जमिनीतला भाग खातो म्हणून कळत नाही. त्याचं फूल बघितलंस तर वांग्याचं आणि त्याचं नातं लगेच ओळखशील."

"शिमला मिर्ची?"

"ती तर मिरचीच, पोट सुटलेली."

"रताळं?"

"ते नाही. ते वेलाचं, त्याचं कूळ वेगळं."

"भेंडी?"

"भेंडी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या घरातली. कांदा, लसूण, दोडका, कारलं, भोपळा, पालक, मेथी, यातलं कुणीच नाही."

मी खुशीत होतो. वर्गातली पोरं खिडकीबाहेर बघत असतात, इथं दोन बायका कान देऊन ऐकत होत्या. बायकोनं तळहातावरची फुलं निरखून बघितली आणि हात झटकला. "मंग हे समदेच गेले."

"अगं, तो बाबा वांग्यावर बोलत होता. कूळ एक म्हणून गुण एक असतो का?"

"भावकीत एक मानूस मेला तर सुतक कोनाला अस्तं? त्याच्या एकट्याच्या घराला का समद्या भावकीला? तुमचा तो पुण्याचा चुलतभाऊ, त्याचं त्वांडबी तुमी वळखत न्हाई. तरी त्याच्या घरचं सुतक आपन धरलं का न्हाई? मंग वांग्याचं सुतक टमाट्याला काहून न्हाई?"

"भावकीत एक चोर निघाला म्हणून सगळे चोर होतात का?"

"तुमच्या भावकीचं मला नगा सांगू," ती म्हणाली, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

"आनखी कोन हाय ह्यांच्यात?"

"बांधावरची भुईरिंगणी. धोत्रा. तंबाखू." शेवटचा शब्द बाहेर पडला आणि मी जीभ चावली. तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं. आमच्या शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. लिहून झाल्यावर मी मागच्या लिंबाखाली जाऊन एक चिमूट मळली होती.

"मी मिरची सोडते, तुमी ही सोडा," ती म्हणाली. "सुतक घरातल्या समद्याला अस्तं."

त्या संध्याकाळी मी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी माजघरातल्या वरच्या कोनाड्यात ठेवून दिली. चार दिवसांत ही कंटाळेल, असा माझा हिशोब होता.

ती कंटाळली नाही. त्याच महिन्यात कुटून आणलेलं वर्षाचं लाल तिखट बरणीसकट वहिनीकडं गेलं. परसातली वांगी, टमाटे, मिरच्या गल्लीत वाटल्या गेल्या. आमच्या भागातल्या माणसाच्या ताटातून मिरची काढल्यावर राहतं काय? वरण, दोडका, भोपळा, चिंचेचं सार, आणि सगळ्यावर भुरभुरलेली मिरीपूड. त्या मिरीचा मी दुस्वास करू लागलो. माझ्यासाठी वेगळी भाजी करायला ती तयार होती, पण सुजलेल्या हातांनी दोन दोन कढया कोण उतरवणार? तिनं केलेलं मी खाऊ लागलो. भाकऱ्या वहिनीकडून यायच्या. एकदा माझं डोकं फिरलं, मी ताट सरकवून दिलं, "हे काय आजाऱ्याचं जेवण!" तिनं ते माझ्याकडं परत ढकललं. बोटांनी नाही, मनगटानं. बोटं वळत नव्हती. मी मुकाट्यानं जेवलो.

आणि गंमत बघा, थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "हलकं वाटून राहिलं." गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, ते मला आठवलं, पण मी बोललो नाही. एका सकाळी तिनं चहाचा कप दोन बोटांनी त्याच्या कानाला धरून उचलला. कितीतरी दिवस ती कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. तो कप बघून मी, विज्ञानाचा मास्तर, विरघळलो. असेल बाबा वांग्यात काहीतरी, असं मलाही वाटलं. मी मिरीपुडीची डबी स्वतःच्या हातानं ओढून घेतली आणि वरणावर चांगली दोनदा झटकली.

पावसाळा लागला आणि सूज परत आली, आधीपेक्षा जास्त.

हा जो काळ होता तो मला आठवायलाही नको वाटतो. दुखणं वाढलं की ती गुन्हेगार शोधायची. "परवा बारशाच्या वरणात टमाट्याची फोड व्हती. मी काडून ठिवली, पर रस तर गेला असंल." "वहिनीच्या तव्यावर आधी आलूचे पराठे झाले असतील, त्याच तव्यावर माझी भाकर." हळूहळू ती कुणाकडं जेवेनाशी झाली. घोटभर ताक प्यायचं तरी विचारायची, यात मिरची टाकलेली न्हाई ना? आणि गुन्हेगार सापडला नाही की ती स्वतःलाच धरायची. "माझंच कायतरी चुकून राहिलं." मी तिला किती परीनं सांगितलं की यात चूक नसते, शरीर आपलं आपल्यालाच चावतं, असा हा आजार आहे. ती ऐकून घ्यायची. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वाढवल्या. त्यांनीही तेच सांगितलं. पण ज्याची चूक नसते त्याला सुधारायलाही काही नसतं, आणि ते तिला परवडणारं नव्हतं. मी घरात असून नसल्यासारखा होतो. तिचं दुखणं घेता येत नव्हतं, तिची समजूत काढता येत नव्हती, आणि तिच्यासारखा विश्वासही ठेवता येत नव्हता.

त्या वर्षीच्या सटीला ती पहाटेच उठून गरम पाण्यात हात शेकत बसली. नंतर परातीपुढं बसली. बाजरीचं पीठ मळून वहिनीनं दिलं. बायकोनं गोळा घेतला, थापायला सुरुवात केली, आणि रोडग्याची कड चिरत गेली. दाब देता येईना. तिनं गोळा मोडला, पुन्हा केला. पुन्हा चिरला. तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर घाम आला. वहिनीनं परात स्वतःकडं ओढली. फरशीवर परात घासल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तळी उचलली, येळकोट झाला. एक रोडगा खंडोबाच्या कुत्र्याला गेला. देवाच्या ताटातलं भरीत बायकोनं कपाळाला लावलं आणि माझ्या ताटात ठेवलं. प्रसाद कुणी परत करत नाही, तिनं केला. देव्हाऱ्याकडं बघून म्हणाली, "आधी हात दे, मंग खाईन." मी ते भरीत खाल्लं. कितीतरी दिवसांनी जिभेला वांगं लागलं होतं आणि मला त्याची चव लागली नाही.

महाशिवरात्रीला आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर बेलफुलांच्या टोपल्यांमध्ये धोत्र्याची काटेरी फळं आणि पांढरी फुलं. तिनं एक फूल उचललं. "ह्यो भावकीतलाच ना?"

"हो."

"मंग देवाला कसा चालतो?"

"त्याचे काय सांधे दुखतात?" मी थट्टेवारी नेलं. एरवी तिनं माझी चांगली जिरवली असती. त्या दिवशी हसलीसुद्धा नाही. फूल पदराआड धरून रांगेत उभी राहिली. रांग लांबत गेली तशी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली, आणि मी तिच्यामागं दोघांच्या चपलांची पिशवी धरून उभा होतो.

तिथंच कुणीतरी तिला एका वैद्याचं सांगितलं. वैद्यानं नाडी बघितली, एक चूर्ण दिलं, दुधातून घ्यायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या अटीवर मी मान डोलावली. ती ते नेमानं घेऊ लागली. पुडा मी घरी आल्यावर उघडला तेव्हाच वास ओळखला. आसगंध. अश्वगंधा म्हणतात ती. आमच्या शिवारात पडीक जमिनीवर आपोआप उगवते. मी पोरांना दाखवायला नेतो, पातळ कागदी पिशवीत लाल फळ असतं. त्याच पोरांना मी हेही सांगतो की ही वांग्याच्या कुळातली.

मी बोललो नाही. तिनं न विचारता मी कशाला सांगू? पण पावसाळ्यात पुन्हा बोटं सुजली आणि ती पुन्हा गुन्हेगार शोधू लागली. घरातलं सगळं तपासून झालं. बाहेरचं तर ती खातच नव्हती. एका संध्याकाळी दुधाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून तिनं विचारलं, "ह्यात तर न्हाई ना कोनी भावकीतलं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण झाडाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, तोंडच उघडत नाही. शिवाय मनात आलं, बरं होईल, हे खूळ एकदाचं मोडेल, ही चार घास चवीनं खाईल. "आसगंध आहे," मी म्हणालो. "तिचं कूळ तेच."

ती पेल्याकडं बघत राहिली. मग हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. "दुखनंबी त्यांच्याच घरचं, दवाबी त्यांच्याच घरची. मंग मी कोनाचं सुतक धरून बसले?"

उरलेलं दूध तिनं पिऊन टाकलं. मला वाटलं, मी जिंकलो. चातुर्मास चालू होता, वांगं तर एरवीही वर्ज्य. "मिरची तरी घे," मी म्हणालो. ती म्हणाली, "सटीला बघू." मी सटीची वाट बघू लागलो. लहानपणी नव्या कपड्यांसाठी बघायचो तशी.

यंदाच्या सटीला वहिनी घरी नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी पीठ चाळलं, वांगी भाजली. बायको चुलीजवळ खुर्चीवर बसली होती. हात शेकलेले नव्हते, ते मी बघितलं. पीठ मळून परात मी तिच्यापुढं स्टुलावर नेऊन ठेवली. तिनं मनगटानं ती माझ्याकडं सरकवली.

"बसा. मी सांगते तसं थापा."

"मी?"

"मंग कोन? पानी लावा हाताला."

"या वर्षी मी थापतो. पुढच्या सटीला तू..."

"न्हाई," ती म्हणाली. रागावून नाही, रडूनही नाही. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तशी. "ह्ये हात आता असेच ऱ्हानार. मला ठाव हाय. तुमाला तर पयल्यापासून ठाव व्हतं."

मला ठाऊक होतंच. सासूनं सुनेपुढं सरकवायची परात माझ्यापुढं होती. मी थापायला बसलो. ती सांगत होती, कडेनं दाबा, मधे नगा दाबू, फिरवा, अहो फिरवा की. माझे रोडगे वेडेवाकडे झाले, एकही गोल नाही. तिनं त्यातल्या त्यात बरा बघून देवापुढं ठेवला आणि सगळ्यांत वाईट तो कुत्र्याला दिला. कुत्र्यानंही आधी हुंगून बघितला.

नैवेद्य झाल्यावर तिनं स्वतःहून ताट मागितलं. भरीत घेतलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला. रोडगा मी कुस्करून दिला, तिनं चमच्यानं कालवला आणि खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. "लई दिसानं," म्हणाली, आणि परत वाढून घेतलं. याच ताटासाठी मी तिच्याशी इतके दिवस भांडलो होतो. ते ताट माझ्यासमोर होतं आणि मी माझ्या ताटातला घास नुसता चिवडत बसलो होतो. ती खात नव्हती तोवर तिला वाटत होतं की हात परत येतील. एवढी साधी गोष्ट मला, इतरांना शिकवणाऱ्याला, त्या दिवशी कळली. त्या आशेचं मी काय करून बसलो, हे कुणाला विचारू?

जेवण झाल्यावर तिनं तोंड पुसलं. "उद्याच्या बाजारातून टमाटे आना. आलूबी आना." आणि थोडं थांबून, "तुमचीबी तंबाखू खा आता. कोनाड्यातच असंल. कशाला उगा जिवाला तकलीफ."

मी टमाटे आणले, आलू आणले. घरात आता सगळी भावकी परत आली आहे. रोडगे माझे, भाकरी कधी वहिनीची, कधी माझी. तिचे हात तसेच आहेत.

पुडी कोनाड्यातच आहे. तलफ अजून येते, शाळा सुटताना हमखास येते. माझा या कशावरही विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. वर्गात कुणी विचारलं तर आजही सांगेन की डॉक्टरांचं ऐका आणि सगळं खा. पण तिनं धरलेलं सुतक सोडून दिलं, तेव्हा घरात कुणीतरी ते धरायला पाहिजे होतं. मी तंबाखू अजून खाल्लेली नाही. तिला सांगितलेलं नाही.